लक्षाची खुर्ची

वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी लिंबर्ट तार्कीकडे विद्यापीठाच्या पाच पदव्या होत्या. पाचही काडेपेटीएवढ्या. प्रत्येकीवर त्याचं नाव, शिक्का, कुलगुरूंची सही, सगळं जागच्या जागी. फक्त वाचायला भिंग लागायचं. दर चोवीस जानेवारीला, आलासितासच्या जत्रेत, ठीक बाराच्या ठोक्याला त्याची आई सातुर्निनाबाई अशी एक पदवी विकत घ्यायची, यातिरीकडून, म्हणजे मंत्र घालणाऱ्या बुवाकडून, तिला धुपाचा धूर द्यायची, वर दारूचे चार थेंब शिंपडून घ्यायची आणि घरी आणून एकेकोच्या, भरभराटीच्या देवाच्या, मूर्तीच्या गळ्यात अडकवायची. जत्रेचा नियम साधा आहे. जे हवं ते चिमुकलं घ्या, बाराला मंतरून घ्या, वर्षाच्या आत ते मोठं होऊन घरी येतं. तार्कींच्या घरी एकेकोनं कधी हात आखडता घेतला नव्हता. चिमुकल्या विटा घेतल्या त्या वर्षी वरचा मजला उठला. चिमुकला लॅपटॉप घेतला, तो आला. चिमुकला मोबाइल घेतला, तो तर सहा महिन्यांत आला, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला असं आमच्या रिओ सेको वस्तीतल्या बायकांचं स्पष्ट मत होतं.

पदवी तेवढी मोठी व्हायला तयार नव्हती. लिंबर्टचे शिक्षणशास्त्राचे सगळे विषय चार वर्षांपूर्वीच सुटले होते. राहिला होता तो प्रबंध. आमच्या एल आल्तो शहरात प्रत्येक गल्लीत असा एक प्रबंध राहिलेला माणूस असतोच. कुणी मिनीबस चालवतो, कुणी मेहुण्याच्या दुकानात खिळे विकतो, आणि ओळख करून देताना घरचे म्हणतात, 'झालंच आहे म्हणा, फक्त प्रबंध राहिलाय.' लिंबर्टच्या प्रबंधाचा विषय होता 'माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांचं अवधान आणि मोबाइल फोन'. विषय पहिल्याच आठवड्यात ठरला होता. त्यानंतर प्रबंधानं फारशी प्रगती केली नव्हती.

आळशी म्हणावं तर तो आळशी नव्हता. जेवण झालं की रोज दुपारी टेबलाशी बसायचा. लॅपटॉप उघडायचा, एक वाक्य लिहायचा, त्यातल्या एका शब्दाचा अर्थ बघायला म्हणून मोबाइल हातात घ्यायचा. मग ओरुरोतल्या एका माणसानं जुन्या ट्रकच्या पत्र्यातून बांधलेली पाणबुडी बघायचा, ती कुठल्या तळ्यात सोडणार यावर लोकांत जुंपलेलं भांडण वाचायचा, त्यात आपलंही मत नोंदवायचा, आणि परत यायचा तेव्हा उन्हं भिंतीवरून उतरलेली असायची. वाक्य तिथंच असायचं. ते वाक्य बिचारं कुठं जाणार?

टेबलाच्या दुसऱ्या बाजूला सातुर्निनाबाई बसलेली असायची. पहाटेपासून पुलाजवळच्या कोपऱ्यावर ती जांभळ्या मक्याचं गरम आपी आणि चीज भरलेले फुगीर पास्तेल विकायची. कुणाला दालचिनी जास्त लागते, कुणाला साखर चालत नाही, दोनशे गिऱ्हाइकांचं तिला तोंडपाठ. लिहिणं-वाचणं मात्र तिच्या वाट्याला आलं नव्हतं. गावी शाळा होती ती डोंगराच्या पलीकडे आणि मेंढ्या होत्या अलीकडे. दुपारी ती मुलासमोर बसून दुसऱ्या दिवशीचा मका निवडायची. मध्येच मान वर करून बघायची. पोराचं डोकं खाली, बोटं चाललेली. तिला बरं वाटायचं. ती आवाज न करता मका निवडायची.

त्या वर्षी विद्यापीठानं फलक लावला: जुना अभ्यासक्रम बंद होतोय. अठ्ठावीस एप्रिलला दुपारी चारपर्यंत प्रबंध आला नाही, तर नव्या अभ्यासक्रमाचे अकरा विषय पहिल्यापासून. लिंबर्टनं फलकाचा फोटो काढला आणि घरी येऊन आईला वाचून दाखवला. ती मुळीच घाबरली नाही. तिनं सरळ पाद्रिनो ठरवायला घेतले. पदवीच्या मेजवानीत केकचा खर्च एकानं उचलायचा, अंगठीचा दुसऱ्यानं, बँडचा तिसऱ्यानं, अशी आमच्याकडची रीत. आठ दिवसांत तिनं तिघांनाही बिअर पाजून शब्द घेतला. असा शब्द एकदा दिला की माघारी घेता येत नाही, आणि दुसऱ्या बाजूनं परतही करता येत नाही.

"आई, अजून एक पान झालेलं नाही," लिंबर्ट म्हणाला.

"म्हणूनच आत्ता विचारलं. बँडवाले आधीच ठरवायला लागतात."

पण मनातून तिलाही काळजी होती. प्रबंधाच्या मार्गदर्शक इरुस्ताबाई एकदा तिच्या गाडीवर आपी प्यायला थांबल्या होत्या, तेव्हा सहज बोलून गेल्या होत्या, "मुलगा हुशार आहे हो तुमचा. लक्ष नाही एवढंच." सातुर्निनाबाईनं ते गाठीला बांधून ठेवलं. पदव्या पाच आणल्या, पदव्यांत खोट नाही. मधली वस्तूच आपण कधी मागितली नाही, मग एकेको तरी काय करणार? चोवीस जानेवारीला ती लिंबर्टला बरोबर घेऊन जत्रेत गेली आणि पोमा उस्तादाच्या टपरीपुढं उभी राहिली. बाराला पंचवीस मिनिटं कमी होती.

"उस्ताद, लक्ष आहे का?"

"काय?"

"लक्ष. अभ्यासाला लागतं ते. ह्याच्यासाठी हवंय."

पोमा उस्ताद तीस वर्षं चिमुकल्या वस्तू घडवत होता. त्यानं हातातला ब्रश खाली ठेवला. "मावशी, व्हिसा आहे. पासपोर्ट आहे. घटस्फोटाचा कागद आहे, न्यायाधीशाच्या सहीसकट. नवरा हवा तर कोंबडा आहे. लक्ष आजवर कुणी मागितलं नाही."

"मी मागतेय ना. करून द्या."

"करतो की. दिसतं कसं ते?"

इथं सातुर्निनाबाई अडली. आजूबाजूच्या बायका मात्र अशा वेळी अडत नाहीत. एक म्हणाली, चष्मा द्या. दुसरी म्हणाली, "चष्मा लावून आमचे हे फुटबॉल बघतात, लक्ष कसलं डोंबलाचं!" कुणीतरी घुबड सुचवलं, तेव्हा एका म्हातारीनं छातीवर क्रूस काढला आणि विचारलं, घरात कुणाला मारायचंय का. एक कॉलेजातली मुलगी म्हणाली, बंद पडलेला मोबाइल करा.

"वेडी का काय तू?" पोमा म्हणाला. "इथं बिघडलेलं मागितलं तर वर्षभर बिघडलेलंच येईल घरात."

लिंबर्ट बाजूला उभा राहून हे सगळं मोबाइलवर टिपत होता. त्याला लाजही वाटत होती आणि मजाही. बाराला दहा कमी असताना सातुर्निनाबाई म्हणाली, "माझा बाप चांभारकाम करायचा. एकदा खुर्चीवर बसला की जोडा पुरा झाल्याशिवाय उठायचा नाही. घर पेटलं असतं तरी उठला नसता."

पोमानं बाहुलीच्या स्वयंपाकघराचा एक संच उघडला, टेबलाजवळची एक खुर्ची काढली, तिला पिवळा रंग दिला आणि फुंकर मारून वाळवली. बोटाच्या पेराएवढी खुर्ची.

"रिकामीच?" एका बाईनं विचारलं.

"बसायचंय ते ह्याला," सातुर्निनाबाई म्हणाली. घंटा व्हायच्या आत तिनं गर्दीत कोपरं घालून यातिरी गाठला. धूर झाला, दारू झाली, रंगीत कागदाचे तुकडे डोक्यावर पडले. तिनं डोळे मिटून आयमारात, आपल्या मायबोलीत, काहीतरी मागितलं आणि ती ओली खुर्ची मुलाच्या तळहातावर टेकवली. ती इतक्या मनापासून मागत होती की लिंबर्टनं मोबाइल खाली केला. आता लिहायचंच, असं त्यानं ठरवलं. अगदी खरोखर ठरवलं. मग त्यानं तळहातावरच्या खुर्चीचा फोटो काढला, 'माझ्या आईनं आज माझ्यासाठी लक्ष विकत घेतलं' असं खाली लिहिलं आणि बारा वाजून चार मिनिटांनी तो जगासमोर ठेवला.

त्या दुपारी त्यानं दोन पानं लिहिली. हे नमूद केलं पाहिजे, कारण पुढचे तीन महिने लिहिलेली तेवढीच. खुर्ची लॅपटॉपला टेकून ठेवली होती. तिसऱ्या पानाला हात घातला आणि मोबाइल थरथरला. मग पुन्हा थरथरला. मग टेबलावरून आपल्या आपण सरकायला लागला.

आईनं मुलासाठी लक्ष विकत घेतलं, ही गोष्ट लोकांना भलतीच भावली. चार दिवसांत फोटो सुक्रेला पोचला, आठव्या दिवशी ब्वेनोस आयरेसमधल्या नातलगांकडून फिरून पुन्हा रिओ सेकोत आला. प्रत्येकाला ती खुर्ची हवी होती. पोमा उस्तादानं कोंबडे बंद केले, दोन पुतण्यांना कामाला लावलं आणि मेहनतीची, परीक्षेची, गणिताची अशा तीन रंगांत खुर्च्या काढल्या. लोकांचे प्रश्न मात्र लिंबर्टला यायचे. शरीरशास्त्रात तीनदा नापास झालेली मुलगी विचारायची, खुर्चीचं तोंड कुठल्या दिशेला ठेवू? पोतोसीचा म्हातारा विचारायचा, प्रार्थनेत मन लागत नाही, त्याला हीच चालेल का? एका आईनं विचारलं, मुलाला न सांगता उशीखाली ठेवली तर गुण येईल का? लिंबर्ट प्रत्येकाला उत्तर द्यायचा. नीट, सविस्तर, धीर देऊन. एकाग्रता कशी वाढवावी यावर तीन महिन्यांत त्यानं जेवढं लिहिलं, त्यात दोन प्रबंध सहज बसले असते.

मनाला समजवायला कारणही तयार होतं. आपला विषय काय? अवधान आणि मोबाइल. मग हे लोक कोण? हा तर नमुना! शाळेत जाऊन जेमतेम चाळीस पोरं तपासली होती, इथं हजारो माणसं आपण होऊन सांगताहेत. लॅपटॉपवर त्यानं 'प्रत्यक्ष क्षेत्रातील सामग्री' नावाचा एक कप्पा उघडला आणि त्यात काही न ठेवता तो बंद केला. स्वतःला फसवायला हुशार माणूसच लागतो. त्या बाबतीत इरुस्ताबाईंचं म्हणणं खरं होतं.

मार्चमध्ये एकदा त्याला भीती वाटली. त्यानं मोबाइल आईच्या हातात दिला. "मक्याच्या पोत्यात टाक. मी मागितला तरी देऊ नकोस."

सातुर्निनाबाईनं तो पोत्यात खोल पुरला. तासाभरात ती तो झटकत परत घेऊन आली.

"आई! देऊ नको म्हटलं होतं ना?"

"तू मागितला तर नाही देणार. पण अरे, कुणीतरी केव्हाचं बोलावतंय तुला. पोतं नुसतं गुरगुरतंय. दारात माणूस हाका मारतोय आणि आपण आत गप्प बसायचं? असं शिकवलंय मी तुला?"

तिच्या दृष्टीनं ते दारच होतं. आणि आमच्याकडे दारात हाक मारणाऱ्याला आत न घेणं हे चोरीपेक्षा वाईट. लिंबर्टनं मोबाइल घेतला. हाक शरीरशास्त्राच्या मुलीची होती. ती पास झाली होती. त्यालाही इतका आनंद झाला की त्या दिवशी लिहिणं राहूनच गेलं.

गाडीवर गिऱ्हाइकं आता सातुर्निनाबाईला 'खुर्चीवाल्या मावशी' म्हणायला लागली होती. "लिसेन्सियादो काय म्हणताहेत?" अशी चौकशी व्हायची. पदवी नसताना ही पदवी लावायची ती टोमणा म्हणूनच, पण तिला ते कळायचं नाही, किंवा कळून ती चालवून घ्यायची. "लिहितोय," ती म्हणायची. "मान वर करत नाही पोरगं. समोर ठेवलेलं सूप गार होतं, तरी पत्ता नसतो. जीव तोडून लिहितोय." आणि पास्तेल तळता तळता तिचा चेहरा असा उजळायचा की टोमणा मारणारा मुकाट्यानं आपी प्यायचा.

एप्रिलच्या चोवीस तारखेला लिंबर्टला जाग आली. दुसरा शब्द नाही. कुणीतरी खाली लिहिलं होतं, 'दादा, तुमच्या प्रबंधाचं काय झालं?' हजारो प्रश्नांत तेवढाच त्याच्याबद्दलचा होता, आणि त्याचं उत्तर त्यानं दिलं नाही. त्यानं मोबाइल बंद केला. नुसता आवाज बंद नाही, पुरता बंद. मग शाळेच्या जुन्या भेटींत घेतलेल्या नोंदी पहिल्यांदाच बाहेर काढल्या आणि बसला. चार दिवस बसला. ते चार दिवस खोटे नव्हते. टेबलावरून उठला तो खाण्यापुरता. एकसष्ट पानं झाली. आणि वाईट नव्हती. आपण हे करू शकतो, हे कळल्यावर त्याला रडू आलं, कारण मग चार वर्षांचं काय करायचं ते समजेना. अठ्ठावीसला सकाळी त्यानं तीन प्रती बांधून घेतल्या आणि दुपारी सव्वातीनला विद्यापीठाच्या खिडकीशी उभा राहिला.

खिडकीमागचा टाय घातलेला कारकून त्याच्याकडे बघून थांबला. "तुम्ही खुर्चीवाले का हो?"

"हो."

"अरे वा! माझ्या लेकीनं घेतली. बसते बरं का आता! थांबा थांबा, एक फोटो." तो कष्टानं खिडकीतून अर्धा बाहेर आला, लिंबर्टच्या गालाला गाल लावला, तीन फोटो काढले, त्यातला एक निवडला. मग आत जाऊन प्रती चाळल्या. "छान. मार्गदर्शकांची सही?"

"सही?"

"पहिल्या पानावर. शाईची."

लिंबर्टनं चार दिवसांनी मोबाइल चालू केला. सगळी दुनिया एकदम आत घुसली. तिच्याखाली, शेकडो खुर्च्यांच्या खाली, अकरा एप्रिलचा इरुस्ताबाईंचा निरोप होता: 'लिंबर्ट, आईच्या ऑपरेशनसाठी बावीसला तारिहाला जातेय, सात मेला परत. सहीला त्याआधी ये, झालं असेल तेवढं घेऊन ये.' त्याखाली वीसचा: 'उद्या शेवटचा दिवस. वाट बघते.' त्यानं फोन लावला. बाई दवाखान्यातून दबक्या आवाजात बोलल्या. रागावल्यासुद्धा नाहीत. "इथून सही कशी करू रे बाळा?" एवढंच म्हणाल्या.

कारकुनाला खरंच वाईट वाटलं. नियम शाईचा होता. चारला त्यानं खिडकीचं दार ओढलं.

घरी सातुर्निनाबाई नवी पोयेरा, घेरदार घागरा, नेसून, डोक्यावर ठेवणीतली हॅट चढवून बसली होती. टेबलावर अख्खी भाजलेली कोंबडी होती. "दिलं?"

"नाही घेतलं त्यांनी."

"का?"

लिंबर्टला खरं सांगायचं होतं. पण तोंडातून निघालं ते असं: "कमी पडलं, आई."

तिनं कोंबडीवर ताट झाकलं. मग हॅट नीट करत म्हणाली, "इतकं लिहिलंस, तरी कमी पडलं? उद्या मी येते."

"तू येऊन काय करणार?"

"साक्ष देणार. दुसरं कोण होतं बघायला?"

त्यानं तिला परोपरीनं अडवलं. ती ऐकणारी नव्हती. बावीस वर्षांत पहिल्यांदा कोपऱ्यावरची गाडी बंद राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला खिडकी उघडली तेव्हा ती सर्वांत पुढे होती, पोरगा मागे.

"साहेब," ती म्हणाली, "मला वाचता येत नाही. पण डोळे आहेत. जानेवारीपासून मी रोज ह्याच्यासमोर बसलेय. ह्यानं मान वर केली नाही. हाक मारली तरी ऐकू जायचं नाही, इतकं लिहीत होता. बोटं थांबायची नाहीत. तुमच्याकडे कमी पानं आली असतील तर ती इथंच कुठंतरी हरवलीत. शोधा. मी थांबते."

मागच्या रांगेत कुणी हसलं नाही. कारकुनानं तिच्याकडे बघितलं, मग लिंबर्टकडे. "ते खरं आहे मावशी," तो सावकाश म्हणाला. "मलाही दोनदा उत्तर दिलं होतं त्यानं. माझ्या लेकीबद्दल विचारलं होतं मी. लगेच दिलं."

"बघा! मग?" सातुर्निनाबाई जिंकल्यासारखी मागे वळली.

लिंबर्टनं तिचा दंड धरून तिला रांगेतून बाजूला घेतलं, जिन्याजवळच्या बाकावर बसवलं आणि सांगितलं. चार दिवसांचं सांगितलं, सहीचं सांगितलं, आणि मग जानेवारीपासूनचं. घरात तो नेहमी स्पॅनिशमध्ये उत्तर द्यायचा, आज आयमारात बोलला. "ते लिहिणं नव्हतं, आई. लोकांशी बोलत होतो."

"कुठल्या लोकांशी?"

"ओळख नाही. कुठले कुठले."

"रोज?"

"रोज."

तिनं हॅट काढून मांडीवर घेतली. रागावेल, रडेल, पाद्रिनोंना काय तोंड दाखवू म्हणेल, असं त्याला वाटलं. त्यातलं काहीच झालं नाही. हिशोब न लागल्यासारखी ती त्याच्या हातांकडे बघत राहिली.

"अरे, पण मी तर समोरच बसले होते ना," ती म्हणाली.